तेवीस बार

अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण राज्यं आपसांत लढली त्या यादवी युद्धात, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत झाली. ती सरल्यावर गव्हाच्या शेतातून, पीचच्या बागेतून, दगडी बांधांच्या आडून बंदुका गोळा केल्या, त्या भरल्या २७,५७४. मोजणाऱ्यांनी नुसता ढीग मोजला नाही, एकेका नळीत काय आहे तेही पाहिलं. सुमारे २४,००० बंदुका भरलेल्या निघाल्या. त्यातल्या निम्म्यांत एकाऐवजी दोन बार होते. सहाएक हजारांत तीनपासून दहापर्यंत. कुठे एकाच दारूवर पाच-सहा गोळ्या बसवलेल्या, कुठे गोळी तळाशी आणि दारू वर, कुठे काडतूस न फोडताच कागदासकट आत दडपलेलं. आणि एक स्प्रिंगफील्ड बंदूक अशी निघाली की तिच्या नळीत तेवीस बार होते. घाईघाईत कोंबलेले नाहीत. दारू, गोळी, दारू, गोळी, असे क्रमाने, एकावर एक.

ही बंदूक डोक्यातून जात नाही. त्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पन्नास हजारांच्या आसपास होतात. ते वाचून माणूस पान उलटतो, कारण पन्नास हजार डोळ्यांपुढे उभेच राहत नाहीत. तेवीस उभा राहतो. तेवीस वेळा एका माणसाचा हात कमरेमागच्या पेटीकडे गेला, तेवीस वेळा दातांनी कागद फाडला, तेवीस वेळा गज खालीवर झाला. शिपाईगिरीचं सगळं काम त्याने केलं.

बार मात्र एकही उडाला नव्हता.

ठासणीची बंदूक मराठी माणसाला परकी नाही. कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर ती अजून कुणाकुणाच्या घरी खुंटीला दिसते, आणि भाषेत तर ती कायमचीच भरून ठेवलेली आहे. लग्नाचा बार उडवून देतात, कुणाचा बार फुसका निघतो, मुद्दा ठासून सांगतात. पण शेताच्या बांधावर रानडुकराची वाट बघत सावकाश भरलेली बंदूक वेगळी आणि खांद्याला खांदा लावून दोन ओळींत उभ्या असलेल्या चारशे माणसांत भरलेली वेगळी. तिथे भरणं ही कवायत होती. दोन्ही बाजूंनी ती शिकली एकाच अधिकाऱ्याच्या पुस्तकातून. विल्यम हार्डीने १८५५ मध्ये ते अमेरिकेच्या एकसंध फौजेसाठी लिहिलं, आणि युद्ध पेटल्यावर तो स्वतः दक्षिणेकडून लढायला गेला. उत्तरेचे रंगरूट पुढेही बराच काळ त्याच्याच हुकुमांवर बंदूक भरायला शिकत राहिले.

नऊ हुकूम. बंदूक पायांपुढे उभी, नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब. उजवा हात मागे पेटीत, काडतूस बाहेर. हे काडतूस पितळेचं नव्हे. बोटभर कागदाची पुंगळी, तिच्यात शिशाची गोळी आणि चार ग्रॅमला थोडी कमी दारू. पुंगळीचं शेपूट दातांत धरून फाडायचं. म्हणून समोरचे दात नसलेल्या माणसाला पायदळात घेत नसत. दारू नळीत ओतायची. मग कागद चिमटून गोळी सोडवायची, टोक वर करून नळीच्या तोंडात ठेवायची आणि अंगठ्याने किंचित दाबायची. नळीखालचा गज उपसायचा, तो सुमारे मीटरभर लांबीचा. त्याने गोळी तळापर्यंत ठासायची, पण बदडायची नाही. गज परत खोचायचा. बंदूक कमरेशी आणून घोडा अर्धा ओढायचा, वाटाण्याएवढी तांब्याची टोपी पट्ट्याच्या बटव्यातून काढून बंदुकीच्या कानावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडीवर, बसवायची. घोडा त्या टोपीवर पडला की ठिणगी कानाच्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढतो असं म्हणत; धुरात, पळापळीत दोन निघाले तरी खूप.

गोळी खाली पोकळ असते. दारू पेटली की तिची खालची कड फुगून नळीच्या आट्यांत रुतते, गोळी फिरत बाहेर पडते आणि दोन-तीनशे यार्डांवर माणूस टिपते. वजन साधारण ३२ ग्रॅम. मऊ शिसं हाडावर आदळून पसरतं, हाडाचा चुरा होतो आणि असा हातपाय सांधायची सोय तेव्हाच्या डॉक्टरांकडे नव्हती. छावणीच्या दवाखान्याबाहेर कापलेल्या अवयवांचे ढीग लागत ते यामुळे.

दक्षिणेकडे आणि उत्तरेकडेही लाखो एनफिल्ड बंदुका इंग्लंडहून विकत आल्या होत्या. म्हणजे तीच बंदूक, जिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली आपल्याकडे आगडोंब उसळला. चार-सहा वर्षांनी तसंच कागदी काडतूस पेनसिल्व्हेनियात कुणी शेतकऱ्याचा पोरगा निमूट दातांनी फाडत होता. त्याची तक्रार वेगळी होती. दारूत सोरा असतो. दहा-बारा काडतुसं फोडली की ओठ काळे पडतात, जीभ चामड्यासारखी होते आणि तहानेने जीव कासावीस होतो. जुलैच्या उन्हात पाण्याचा डबा तोवर कधीच रिकामा झालेला असे.

चुका कुठे होतात हे ज्याने हात काळे केलेत त्यालाच कळतं. पहिली जागा कान. जळक्या दारूची काजळी किंवा ओल त्या सुईएवढ्या भोकात बसली की टोपी फटकन वाजते, धूरही दिसतो, पण ठिणगी आत जातच नाही. त्यासाठी बटव्यात एक बारीक तार दिलेली असे, भोक टोचून मोकळं करायला. दुसरी जागा नळी. वीस-पंचवीस बार झाले की आत इतकी किट्ट चढते की गोळी अर्ध्यावर अडते. मग गजाचं डोकं दगडावर नाहीतर झाडावर ठोकून ती खाली न्यावी लागते, आणि तोवर नळी अशी तापलेली की डाव्या हाताचे तळवे पोळतात. तिसरी जागा माणसाची बोटं. थरथरत्या बोटांनी दारू बाहेर सांडते, टोपी गवतात पडते, गज नळीतून काढायचा राहतो आणि बाराबरोबर बाणासारखा निघून जातो. असा गज गमावलेला शिपाई मग कुणी मेलेला शोधतो आणि त्याचा गज घेतो. चौथी चूक सगळ्यांत साधी, टोपी लावायची विसरणे. घोडा नुसता कानावर पडतो. शेजारी चारशे बंदुका गरजत असताना तो टकटक आवाज कुणाला ऐकू येणार? मागच्या ओळीतल्या माणसाच्या नळीचं तोंड तर पुढच्याच्या कानापासून हातभरही लांब नसतं.

म्हणून दोन बार समजतात. तीनही समजतात.

तेवीसचं गणित बसत नाही, किंवा फार नेमकं बसतं. एका बाराची दारू त्या नळीत दोन-सव्वादोन सेंटीमीटर उंची घेते आणि गोळी अडीच. पोकळीत थोडी दारू जाते, ठासल्यावर थोडी दबते, तरी एक बार चार-साडेचार सेंटीमीटरचा. नळी ४० इंचांची, म्हणजे मीटरहून थोडी जास्त. तेवीस बार म्हणजे नळी जवळजवळ तोंडापर्यंत भरली. आता गज डोळ्यांपुढे आणा. पहिल्या बाराला तो आत जातो आणि वर चार बोटंही राहत नाही. पाचव्याला वीतभर वर राहतो. दहाव्याला निम्म्याला थोडा कमी बाहेर. विसाव्याला आत जाण्यासारखं फारसं काही उरलंच नाही; जवळजवळ सगळा गज हातात तरंगतोय आणि माणूस तोंडाशीच गोळी ठासतोय. डोळे मिटून भरणाऱ्यालाही हे हाताने कळायला हवं. शिवाय खांदा. या बंदुकीचा धक्का खांद्याला बसतो, संध्याकाळी तिथे काळंनिळं होतं. तेवीस वेळा धक्का बसला नाही, हे खांद्याला उमगलं नसेल?

आणखी एक गोष्ट, ही पेटीत शिरल्याशिवाय लक्षात येत नाही. पेटीत चाळीस काडतुसं. आत पत्र्याचे दोन डबे. प्रत्येक डब्याच्या वरच्या खणांत दहा सुटी, खालच्या खणात दहाचं बांधलेलं पुडकं. म्हणजे हाताशी सुटी वीस. एकविसाव्यासाठी पत्र्याचा डबा वर ओढायचा, खालचं पुडकं काढायचं, सुतळी सोडायची, कागद उलगडायचा आणि काडतुसं वरच्या खणांत लावायची. हे काम झटक्यात होत नाही. ज्याची बोटं भीतीने वाकडी झालीत त्याच्या बोटांना गाठ सुटत नाही. या माणसाने नेमाने पेटी वापरली असेल तर त्याने ती गाठ सोडली, आणि त्यानंतर आणखी तीन बार भरले.

पुढच्या शतकात या आकड्यावर पुष्कळांनी आपापले झेंडे रोवले. कुणी म्हणालं, साधा माणूस माणसाला मारायला तयारच नसतो; अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो भरण्याचं नाटक करत राहतो. हे मानायला मनाला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच मी ते जपून घेतो. भरलेल्या २४,००० बंदुकांनी तसं काही सिद्ध होत नाही. ठासणीच्या बंदुकीचा बहुतेक वेळ भरण्यातच जातो. उडवायला निमिष लागतं. कोणत्याही क्षणी गोळी लागून पडलेल्या माणसाच्या हातात भरलेली नाहीतर भरत आणलेली बंदूकच असणार. दोन बारांचंही तसंच. आपली बिघडली म्हणून खाली पडलेली दुसऱ्याची उचलली, ती रिकामी समजून भरली, झाले दोन. पण त्याच धर्तीवर तेवीस होत नाहीत. तेवीसला एकतर एकच माणूस लागतो, जो आतून कुठेतरी निघून गेलाय आणि ज्याचे हात तेवढे मागे राहिलेत. किंवा मग असा माणूस, ज्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. ओळीत उभे, दात काळे, गज खालीवर.

तिसरी शक्यता बिनकाव्याची. नवा रंगरूट, कान बुजलेला, टोपी दर खेपेला वाजतेय, धूर निघतोय, त्याला वाटतंय आपण गोळ्या झाडतोय. खांद्याला धक्का बसत नाही हे कळायला आधी कधीतरी धक्का बसलेला असावा लागतो. छावणीत कवायत तासन्‌तास चाले, पण खऱ्या दारूने नेमबाजीचा सराव कित्येक रेजिमेंटांत जवळपास नव्हताच. म्हणजे हजार वेळा रिकामी बंदूक भरण्याची नक्कल केलेला आणि एकदाही न झाडलेला माणूस थेट लढाईत उभा राहणं शक्य होतं. हात कवायतीला सरावलेले, कवायतीत धक्का नसतो.

आपण सिव्हिल वॉरला यादवी म्हणतो. शब्द इतका रुळलाय की त्यामागची गोष्ट आता ऐकू येत नाही. सांबाच्या पोटी मुसळ निघालं, ते घासून त्याचा चुरा समुद्रात टाकला, चुऱ्याची लव्हाळी उगवली आणि प्रभासच्या किनाऱ्यावर दारू चढलेल्या यादवांनी तीच लव्हाळी उपटून एकमेकांना बडवलं. तिच्यात मला कायम खटकत आलंय ते हे की नावं असतात ती सात्यकीला, कृतवर्म्याला. बाकीच्यांनी लव्हाळी उपटली एवढंच. कुणी नुसतीच हातात धरून उभा राहिला असेल, तर त्याची नोंद व्यासांकडेही नाही.

अमेरिकेतल्या या यादवीची झळ आपल्याला लागली ती कापसाच्या भावात. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली, इंग्लंडातल्या लँकशरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे आणि खानदेशाकडे तोंड करून बसल्या, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. राजाबाई टॉवर त्या तेजीतल्या पैशाची खूण. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या भावामागे महिन्याला तेरा डॉलरवर चालणारा एक माणूस होता, हे कधी मनात येत नाही. तेराही वेळेवर नाहीत. हजेरीपट दर दोन महिन्यांनी भरायचा आणि त्यावर पगार निघायचा, पण खजिनदार चार-सहा महिने फिरकत नसे. काळ्या शिपायाच्या हातात त्यातले सातच पडत: पगार दहा, कपड्यांचे तीन कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या आणि ५५ व्या रेजिमेंटने असला पगार घ्यायचंच नाकारलं, फुकट लढले, आणि १८६४ च्या जूनमध्ये कायदा बदलला तेव्हाच बरोबरीचे पैसे घेतले.

आणि बहुतेक दिवस लढाई नसेच. चालणं, खणणं, पहारा, रांगेत उभं राहणं. खांद्यावर चार किलोंची बंदूक, अर्ध्या तंबूचं कापड (दुसरं अर्धं जोडीदाराकडे; रात्री बटणं लावून एक तंबू), घोंगडी, झोळी. झोळीत तळहाताएवढे आणि सेंटीमीटरहून जाड कडक बिस्किटाचे चौकोन, माणशी रोज नऊ-दहा. मीठ नाही, खमीर नाही; दाताने तुटत नाहीत म्हणून दस्त्याने फोडायचे. जुन्या पेट्यांतल्या चौकोनांत अळ्या आणि किडे. त्यावरचा रिवाजी उपाय असा की चौकोन कढत कॉफीत टाकायचा, किडे तरंगून वर आले की चमच्याने काढून टाकायचे आणि कॉफी पिऊन टाकायची. किड्यांनी चवीत फरक पडत नाही म्हणत. कॉफीच्या कच्च्या बिया मिळत. त्या तव्यावर भाजायच्या आणि दस्त्याच्या बुडाने नाहीतर संगिनीच्या खोबणीने कुटायच्या. पहाटे छावणीत सगळीकडून तो कुटण्याचा आवाज येई. आपल्याकडच्या जात्याच्या घरघरीसारखी ती तिकडची पहाट असणार.

मरण बहुतेक वेळा गोळीने येत नसे. युद्धात मेलेल्या दर तिघांतले दोघे रोगाने गेले, आणि रोगांत पहिला नंबर हगवणीचा. शेताशेतांवर वाढलेली पोरं हजाराच्या गर्दीत पहिल्यांदा राहिली. गोवर, विषमज्वर, संडासाचे चर पाण्याच्या वरच्या अंगाला खणलेले. स्मारकाच्या चौथऱ्यावर हगवण येत नाही, हे उघडच आहे. पेन्शनच्या कागदांत येते.

कारण साध्या शिपायाची खरी आठवण तिथे, कागदांत राहिलीये. युद्धानंतर लाखोंनी पेन्शनचे अर्ज आले आणि प्रश्न पडला की हा खरंच होता का फौजेत? मग १८८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कचेरीत जुने हजेरीपट उतरवून काढायचं काम निघालं. एकेका पटावरच्या एकेका नोंदीचं एकेक कार्ड: हजर, गैरहजर, आजारी, टोपीचा बटवा हरवला म्हणून पगारातून इतके सेंट कापले. पेन्शनसाठी विटांची जी अवाढव्य इमारत बांधली तिच्या चारी भिंतींवरून भाजक्या मातीच्या शिपायांची बाराशे फुटांची रांग अजून चालतेय. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या खर्चातला जवळजवळ ४० टक्के पैसा याच पेन्शनीत जात होता. तिथल्या अर्जाच्या गठ्ठ्यात काय सापडतं? माणसाच्या छापील आकृतीवर डॉक्टरने शाईने केलेली फुली: गोळी इथून शिरली, इथून निघाली. मूळव्याध, अंतर्गळ, संधिवात, जुनाट हगवण. दोन सोबत्यांचे शपथेवरचे जबाब, की हो, अमक्या नदीच्या काठी हा आमच्यादेखत आजारी पडला. लग्नाचा दाखला नाही म्हणून विधवेने घरच्या बायबलातून फाडून पाठवलेलं पान, त्यावर पोरांच्या जन्मतारखा. ते पान परत गेलं नाही. घराकडे बायबल राहिलं आणि त्यात फाटलेली कड.

या युद्धाची शेवटची पेन्शन बंद झाली २०२० साली. छापायची चूक नव्हे, २०२०. दरमहा ७३ डॉलर १३ सेंट, एका शिपायाच्या मुलीला. तिचा जन्म १९३० चा. बाप तेव्हा ऐंशी ओलांडलेला. हा बाप आधी दक्षिणेच्या फौजेत होता. गेटिसबर्गच्या वाटेवर आजारी पडला, दवाखान्यातून पळून गेला, त्याची रेजिमेंट गेटिसबर्गला पोचली आणि तिथे तिची धूळदाण झाली. पुढच्या वर्षी तो उत्तरेच्या फौजेत भरती झाला आणि त्या नोकरीवर पेन्शन मिळाली. पळालेला माणूस म्हणून त्याच्याकडे नाक मुरडावं म्हटलं तर दीडशे वर्षांची ही सगळी वंशावळ त्या पळण्यावरच उभी. शूर म्हणून गौरवावं म्हटलं तर जीभ अडखळते. सरकारने दोन्ही केलं नाही. दर महिन्याला पैसे पाठवले.

गावोगावच्या चौकातला शिपाई मात्र या भानगडीत पडत नाही. तो दोन्ही हात नळीच्या तोंडावर ठेवून विश्रामात उभा असतो, मिशा, ओव्हरकोट, नजर लांब. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला एक कारखाना असे शिपाई जस्तात ओतून विकायचा. जस्त म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल म्हणून नाव ‘पांढरं ब्राँझ’. कॅटलॉगातून निवडायचे. उत्तरेकडच्या गावाने मागवला तर पट्ट्यावर एक अक्षरजोडी, दक्षिणेकडच्याने मागवला तर दुसरी, टोपीत थोडा फरक. बाकी तोच साचा, तोच चेहरा, एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन्ही बाजूंच्या चौकांत. जस्ताला एक खोड आहे. ते स्वतःच्याच भाराने वर्षानुवर्षं हळूहळू खचत जातं, घोट्यापाशी तडकतं, आणि शिपाई झुकायला लागतो. मग आतून पोलादाची चौकट घालून त्याला सरळ करावं लागतं. मला त्या झुकलेल्या पुतळ्यांतच काय तो खरेपणा दिसतो. साठीच्या, संधिवाताच्या, पेन्शनच्या रांगेतल्या माणसाचा.

गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीसाठी उथळ खड्ड्यांतली प्रेतं पुन्हा उकरून आणली, प्रत्येकी १ डॉलर ५९ सेंटच्या ठेक्यावर. उकरणारी टोळी बहुतांशी काळ्या मजुरांची. बिल्ले तेव्हा नव्हते. खिशातलं पत्र, बायबल, कंगवा, पट्ट्यावर कोरलेली आद्याक्षरं यांवरून ओळख पटली तर पटली. पुढच्या वर्षी कोल्ड हार्बरला हल्ल्याआधी शिपाई आपापल्या कोटांच्या पाठीवर नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या टाचत होते, ते एवढ्यासाठीच. गेटिसबर्गच्या त्या अर्धवर्तुळात साडेतीन हजारांवर माणसं आहेत, त्यातली ९७९ बिननावाची. त्यांच्या वाट्याला संगमरवराचा एक लहान चौकोनी ठोकळा आणि त्यावर आकडा.

नावाऐवजी आकडा आपल्यालाही नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर साताऱ्याकडच्या गावांत इंग्रज सरकारने दगड बसवले: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी मेली. नावं नाहीत. आणि त्याही आधीच्या वीरगळांवर तर आकडाही नाही. खालच्या चौकटीत लढणारा, मधल्या चौकटीत अप्सरांबरोबर वर निघालेला, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. गावात विचारलं तर सांगतात, हा कुणीतरी वीर आहे. तेल-शेंदूर दर अमावस्येला होतो.

त्या तेवीस बारांच्या माणसाचा दगड यांपैकी कुठलाही असू शकेल, किंवा कुठलाच नसेल. तो तिथेच पडला की बंदूक टाकून चालता झाला, उत्तरेचा की दक्षिणेचा, हेही बंदुकीवरून ठरत नाही. स्प्रिंगफील्ड उत्तरेची खरी, पण मेलेल्याच्या हातची बंदूक दोन्ही बाजूंचे उचलत.

भरलेला बार न उडवता बाहेर काढायला एक पेच असतो. तो गजाच्या टोकाला बसवायचा, नळीत सोडायचा, मऊ शिशात फिरवून रुतवायचा आणि ओढायचा. गोळी आली की मागची दारू झटकायची. मग पुढची. शेवटी भरलेली सगळ्यांत आधी येते, पहिली भरलेली सगळ्यांत शेवटी. सकाळी ओळीत उभं राहून हुकुमावर भरलेला तो पहिला बार, ज्याच्या खाली कान आहे. त्या कानाचं भोक बुजलेलं होतं की मोकळं, एवढ्यावर सगळा माणूस ठरतो, आणि तेवीस हा आकडा त्याबद्दल काही बोलत नाही. एक मात्र हिशेबाने निघतं. चार-पाच बार साचल्यावर कुठल्याही क्षणी त्याने बटव्यातली तार काढून भोक टोचलं असतं आणि नवी टोपी लावून चाप ओढला असता, तर तळाची दारू पेटली असती. वर पाऊण किलोपर्यंत शिसं आणि मधेमधे कोंडलेली दारू. नळी बहुधा बुडाशी फुटली असती, तो आणि कदाचित त्याच्या डाव्या-उजव्या हाताचे दोघे गेले असते.

तार ज्याच्या त्याच्या बटव्यात असायची. मेंढीच्या कातड्याचं अस्तर असे, त्याच्या कडेला खोचलेली.